तखताखालचा आवाज

मी एक सिंथेसायझर आहे. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबात, बौद्ध वस्तीतल्या एका मातीच्या घरात मी राहतो. इथे मला माझ्या खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. पोरं मला कीबोर्ड म्हणतात. बळीराम मामा 'बिजलीची पेटी' म्हणतात. ते नाव त्यांनी मला हिणवायला ठेवलं होतं, तरी मला तेच आवडतं.

मला आपणहून बोलता येत नाही. कोणी पट्टी दाबली तरच माझा आवाज निघतो, आणि त्यात शब्द नसतात. तरी आज मला तुम्हाला काही सांगायचं आहे. माझं एक काम अडलं आहे. ते शेवटी सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने मला टेबलावर ठेवलं आणि डावीकडून एकेक पट्टी दाबून पाहिली. म्हणजे माझ्या तोंडून निघालेला पहिला आवाज सगळ्यात खालचा होता. त्या बाईने मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. तिचा चेहरा मला आठवत नाही. मोजे आठवतात.

माझ्या पोटात पुष्कळ आवाज आहेत. बासरी आहे, सनई आहे, पेटी आहे, व्हायोलिन आहे. पण खरं सांगू का, ते सगळे उसने आहेत. कुठेतरी खरी बासरी आहे आणि मी तिची नक्कल करतो. जाणकार माणूस लगेच ओळखतो आणि हसतो.

एकच आवाज माझा स्वतःचा आहे. तो म्हणजे बेस. ना लाकडाचा, ना तारेचा, ना कातड्याचा. तो कोणासारखा नाही. गोल, जाड, थोडा कुरकुरणारा, आणि खाली खाली जाणारा. त्याला भाऊबंद नाहीत. मी एकटा असलो की मला वाटतं, आम्ही दोघं सारखेच.

पहिली काही वर्षं मी नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात काढली. तिथला वाजवणारा बोटात अंगठ्या घालायचा आणि फक्त उजवीकडे वाजवायचा. लग्नात लोकांना तेवढंच लागायचं. माझ्या उजव्या पट्ट्या घामाने पिवळ्या पडल्या आणि डाव्या तशाच कोऱ्या राहिल्या. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला. वरच्या दोन पट्ट्या मेल्या होत्या, म्हणून मला कोणी घेईना. फिरत फिरत मी दारव्ह्याच्या एका साऊंडवाल्याच्या दुकानात येऊन पडलो.

तिथे संघदीप कामाला होता. नववीनंतर त्याची शाळा सुटली होती. मांडवात स्पीकरचे बॉक्स उतरवायचे, वायरी ओढायच्या, सकाळी परत गुंडाळायच्या, हे त्याचं काम. बोलताना तो समोरच्याच्या तोंडाकडे कधी पाहायचा नाही. एका दुपारी मालक जेवायला गेला तेव्हा त्याने माझ्यावरची धूळ पुसली आणि मला चालू केलं. एकेक आवाज बदलत तो बेसवर आला. डाव्या करंगळीने त्याने खालचा सा दाबला.

दुकानातल्या फळीवरचा स्क्रूंचा डबा थरथरला.

संघदीपने हात छातीवर ठेवला. मग पुन्हा दाबला. दुकानात कोणी नव्हतं, तरी तो हळूच म्हणाला, "हा तं कानात येतच नाही. सरळ इथीसा येते."

मालकाकडून त्याने मजुरीऐवजी मला मागून घेतलं. सोबत एक जुना बॉक्सही. दोघांना सायकलवर बांधून तो बोरी अरबाला आला.

घरात दोनच माणसं होती. आई तुळसाबाई आणि मामा बळीराम. मामा तुळसाबाईंचे मोठे भाऊ, मामी गेल्यापासून बहिणीकडेच राहत. तालुक्यात त्यांना सगळे ओळखत, कारण त्यांची गायन पार्टी होती. भीमजयंतीला गावात बुद्धवंदना झाली की पहिलं गाणं मामांचं, हा रिवाज ते तरुण होते तेव्हापासूनचा. स्वतः पेटी वाजवायचे, स्वतः गायचे. ढोलकीवर शेजारच्या तांड्यातला भावसिंग असायचा. त्यांचा बालमित्र.

मला पाहून मामांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे कायले आणलं बे?"

"बेस वाजवतो, मामा. पार्टीत."

"पेटीले भाता असते. ते दम घेते, मंग गाते. तुह्या या डबड्याले दम तरी लागते काय?"

"बिजली लागते."

"आन् बिजली गेली का मेलं!"

नेमकी तेव्हाच लाईन गेली. माझा लाल दिवा विझला. तुळसाबाई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसल्या. मामा खूश होऊन अंगणात गेले. संघदीप अंधारात माझ्यापाशीच बसून राहिला.

तरी भाच्याचा शब्द त्यांनी मोडला नाही. पार्टीत मला अगदी कडेला जागा मिळाली. संघदीप खाली मान घालून एका हाताने बेस द्यायचा. बेसचं असं असतं की तो वाजतोय हे कोणाच्या लक्षात येत नाही. बाया पोरांना मांडीवर घेऊन ऐकत असतात, म्हातारे बिडी ओढत असतात, आणि त्यांचे पाय आपोआप हलत असतात. कशामुळे हलतात, हे ते कधी विचारत नाहीत. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. संघदीपला पाय हलताना दिसायचे, तेवढं आम्हा दोघांना पुरे होतं.

हळूहळू एक गोष्ट बिघडत चालली होती. मामांची बोटं पेटीवर बरोबर पडायची, पण गळा बाजूला जायचा. थोडासाच, आणि तेही ढोलकी जोरात आल्यावर. पहिल्यांदा कोणी बोललं नाही. मग उमरखेडला कव्वालीचा मुकाबला झाला. समोर वणीकडची पार्टी होती. मामांचं गाणं संपल्यावर त्या पार्टीचा गायक उठला आणि हात लांबवून म्हणाला,

"सूर ज्याचा वाटेवर सांडला,
तो दुसऱ्याले रस्ता दाखवाले निघाला!"

मांडव हसला. मामाही हसले, कारण त्यांना वाटलं दुसऱ्या कोणाला म्हणाला.

परतीच्या एसटीत ते भावसिंगवर घसरले. मी संघदीपच्या मांडीवर होतो, मी सगळं ऐकलं.

"भावसिंग, तुही ढोलकी चढली होती आज."

"ढोलकी नाही चढली, बळीभाऊ. तुमी उतरले होते."

"मी? मी उतरलो? अरे, तू माह्या गळ्यावर ढोलकी शिकला!"

"म्हणून तं सांगून राह्यलो. दुसऱ्याले काय पडलं आहे?"

बोरी अरब येईपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

दिवाळीनंतर जयंती मंडळाचा अतुल घरी आला. चांगला पोरगा होता, पण घाईत असायचा. बसला नाही, दारातूनच बोलला.

"मामाजी, या साली पहिलं गाणं नागपूरच्या पार्टीले द्याचं म्हणून राह्यले पोट्टे. तुमी समोर खुर्चीवर बसा. शाल देऊ, सत्कार करू."

"सत्कार मेल्यावर करा," मामा म्हणाले. "पहिलं गाणं मी गातो."

"तुमचा मान आहेच ना. पण उमरखेडसारखं झालं तं पोट्टे शिट्ट्या मारतीन. आपल्याच गावात बरं दिसन काय?"

मामांनी पेटी पुढे ओढली. अतुल अंगणात उतरला, मागे वळून म्हणाला, "ठीक आहे. एक डाव गा. पण जमलं नाही तं पुढच्या साली मले बोलू नका."

त्या दिवसापासून या घराला एकच घोर होता. मामांचं पहिलं गाणं.

त्या साली कापूस घरात भरला. एकट्या आमच्या घरात नाही, गावात सगळ्यांच्याच. नवीन बियाण्याच्या पुड्या आल्या होत्या, भाव मात्र खालीच होता, आणि खरेदीचा काटा आज लागतो, उद्या लागतो असं चाललं होतं. तुळसाबाई वेचून आणत आणि पुढच्या खोलीत ओतत. खोली आढ्यापर्यंत भरली. मधे फक्त मामांचं लाकडी तखत राहील एवढी जागा उरली. बसायला दुसरीकडे ठाव नव्हता, म्हणून पेटी तखतावर गेली, मी पायथ्याशी उभा राहिलो, आणि माझा बॉक्स संघदीपने तखताखाली सरकवला.

कापूस घरात असला की अंगाला खाज सुटते. त्यातले किडे चावतात. तिघंही खाजवत खाजवत तालमीला बसायचे. भावसिंगशी मामांनी अबोला धरला होता, तरी तो यायचा. एक दिवस तो पेटीकडे पाहून म्हणाला,

"आज पेटीनं घोंगडी पांघरली काय, बळीभाऊ? आवाजच येऊन नाही राह्यला."

खरंच होतं. चारही बाजूंनी कापूस. पेटीचा बारीक आवाज निघायचा आणि कापसात जिरून जायचा. ढोलकीची बारीक थापसुद्धा मुकी झाली होती.

मामांनी त्याच्याकडे न पाहता भाता ओढून पाहिला. "काहून? रोजच्यासारखीच तं वाजून राह्यली."

भावसिंगचा हात ढोलकीवर थांबला. संघदीपने पहिल्यांदा मान वर करून मामांच्या तोंडाकडे पाहिलं. मामा कान खाजवत होते.

दोघांनाही एकदमच कळलं. आम्हाला ही खोली आज भरलेली दिसत होती. मामांच्या कानात ती कधीचीच भरली होती.

संघदीपने डाव्या हाताचं बोट माझ्या खालच्या सावर ठेवलं आणि दाबून धरलं. माझा आवाज कापसाला बधत नाही. तो तखताच्या पायातून चढला, फळीतून मामांच्या मांडीत गेला, पाठीच्या कण्याने वर गेला. मला ते जाणवलं. मामा ताठ बसले. त्यांनी डोळे मिटले आणि गाणं उचललं. गळा बरोबर माझ्यावर येऊन बसला, जसा माणूस ओळखीच्या ओट्यावर बसतो.

भावसिंगने ढोलकी अशी वाजवली, जशी मी आधी कधी ऐकली नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो ते कापसाच्या नावावर खपवत होता.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशीही. मामांनी मग आपला निष्कर्ष काढला.

"तुळसे, हा कापूस विकू नको."

"आँ?"

"कापसाच्या गर्मीनं माहा गळा मोकळा झाला. जयंतीपर्यंत राहू दे."

"दादा, अंग सोलून निघालं माहं खाजवून खाजवून! आन् तुमाले गळ्याचं पडलं?"

"गळाच तं आहे माह्यापाशी, दुसरं काय आहे?"

मी आणि संघदीप ऐकत होतो. मामांना मी दिसलोच नव्हतो. मला वाटलं, आता तरी हा पोरगा सांगेल. पण तो बोलला नाही. मामांना 'तुम्हाला ऐकू येत नाही' असं तोंडावर सांगायचं, हे त्याच्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

फाल्गुनात गाडी आली आणि कापूस गेला. खोली रिकामी झाली, बोललं की घुमायला लागली. मामांनी मात्र कापसाचं एक गाठोडं बांधून ठेवलं होतं. ते त्यांनी कोणाला हात लावू दिलं नाही.

जयंतीच्या संध्याकाळी विहारासमोर फळ्यांचं स्टेज बांधलं होतं. निळे झेंडे, माणसंच माणसं. साऊंडवाल्याने सगळे बॉक्स लोकांकडे तोंड करून लावले होते. मामा गाठोडं घेऊनच आले आणि ते खाली टाकून त्यावर बसायला लागले. संघदीप धावला. गाठोडं मधे आलं तर फळीतला माझा थरार मामांच्या अंगात चढणार नव्हता.

"मामा, गाठोडं मांडीवर घ्या. खाली नको."

"काहून?"

"गर्मी गळ्याजवळ पाहिजे ना."

मामांना पटलं. त्यांनी लेकरासारखं गाठोडं मांडीवर घेतलं.

मग संघदीपने आमचा जुना बॉक्स उचलला आणि मामा बसले होते त्या फळीखाली सरकवायला लागला. अतुलने वरून पाहिलं.

"ए, तो बॉक्स तिकडं कायले? पब्लिककडं लाव."

संघदीप बॉक्स सरकवतच राहिला.

"अबे, तुले बोलून राह्यलो! स्टेजखाली कोण ऐकते?"

माणसं पाहायला लागली. मामांनीही मान वळवली. संघदीपचे कान लाल झाले. एवढ्या लोकांसमोर तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"मले," तो म्हणाला. मग मोठ्याने, "मले कमी ऐकू येते. बॉक्स जवळ नसला तं मले माहाच बेस ऐकू येत नाही."

पोट्टे खदखदून हसले. "बहिरा वाजवणारा!" "अबे, याले कानात भोंगा लावून द्या!" अतुलही हसला आणि हात झटकून म्हणाला, "बरं ठेव बाप्पा."

भावसिंग हसला नाही. तो ढोलकीची दोरी ओढत बसला होता.

वंदना झाली. संघदीपने सा धरला. फळ्या थरारल्या. मामांनी मांडीवरचं गाठोडं घट्ट धरलं आणि पहिलं गाणं उचललं.

ते गाणं कसं झालं हे मी सांगणार नाही, मी त्यात होतो. एवढंच सांगतो की एकाही पोट्ट्याने शिट्टी मारली नाही, आणि दुसऱ्या कडव्याला अतुलने स्वतः उठून माईक मामांच्या तोंडाजवळ सरकवला.

मामांचं गाणं टिकलं. संघदीपला मात्र नाव चिकटलं.

'बहिरा.' हॉटेलात, बसथांब्यावर, पाण्याच्या टाकीवर. लग्नाच्या दिवसांत आजूबाजूच्या पार्ट्या त्याला न्यायच्या, त्या थांबल्या. बहिऱ्याला कोण सोबत नेईल? मामासुद्धा हळहळायचे. "चाल, यवतमाळले कान दाखवू तुहा. या वयात असं बरं नाही." संघदीप "पाहू" म्हणायचा आणि मला पुसत बसायचा. भावसिंगने एकदा अंगणात त्याला धरून विचारलं, "किती दिवस असा राहशीन?" तो म्हणाला, "मामाचं गाणं आहे तवरक."

पोळ्यानंतर तो वणीला गेला. कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री बांधायचं काम मिळालं. खोलीत पाच जण राहतात म्हणे, मला ठेवायला जागा नाही. जायच्या सकाळी त्याने माझ्यावर तुळसाबाईंचं जुनं लुगडं टाकलं आणि वरून हात फिरवला. बॉक्स तखताखालीच राहिला.

त्यानंतर मी मुका आहे. दिवसा लुगड्यातून उजेड येतो, मग जातो. उंदीर एकदा वायरीपर्यंत आला आणि परत गेला. घरात बोलणं कमी झालं आहे, कारण तुळसाबाईंना आता प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. मामांना वाटतं, ती पुटपुटायला लागली.

आज दुपारी तुळसाबाई वावरात गेल्यावर मामांनी लुगडं काढलं.

का काढलं, ठाऊक नाही. जयंती जवळ आली आहे, भाच्याची आठवण आली असेल. चाचपडत त्यांनी बटण शोधलं. माझा लाल दिवा लागला. ते तखतावर बसले आणि उजवीकडची पट्टी दाबली. मी वाजलो. त्यांनी आणखी जोरात दाबली. मी वाजलो.

"बिघडलं वाटते," ते म्हणाले.

मग त्यांचं बोट सरकत सरकत डावीकडे आलं. खालचा सा. तखत थरथरलं.

मामांचं बोट तिथंच राहिलं. त्यांनी उजवीकडे दाबलं, मग डावीकडे. पुन्हा उजवीकडे. लाल दिवा लागलेलाच होता. त्यांनी वाकून तखताखाली पाहिलं. बॉक्स होता तिथेच, कापसाचे दोनचार पुंजके अजून त्याला चिकटलेले. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.

मग त्यांनी कोनाड्यातला मोबाईल घेतला. संघदीपने जाताना शिकवून ठेवलं होतं, एकच बटण धरून ठेवायचं.

"संघदीप, मी बोलून राह्यलो. मामा." आवाज फार मोठा होता त्यांचा. "बहिरा तू नाही बे. मी आहो. मले आज समजलं. स्टेजवर सांगतो मी सगळ्याईले, त्या अतुललेही. ऐकून राह्यला काय? हे ऐक, तुही बिजलीची पेटी."

त्यांनी फोन खाली तखताशी धरला आणि सा दाबला. मी सगळा जीव लावून वाजलो. पण फोन लहान असतो. माझा आवाज त्यात मावत नाही. वणीला बहुतेक नुसती खरखर पोचली असेल.

मामांनी फोन पुन्हा कानाला लावला. आतून बारीक आवाज आला. मी तो नीट ऐकला.

"मामा, मले माहीत होतं. तुमी कायले सांगता कोणाले? जयंतीच्या दोन दिवस आधी येतो मी. बॉक्स तखताखालीच राहू द्या. ऐकता ना, मामा?"

"हॅलो?" मामा म्हणाले. "हॅलो? अरे बोल ना... हॅलो?"

फोनमधून संघदीप अजून बोलत होता. मामांनी तो कानापासून काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि बटण दाबून बंद केला.

"बोलला नाही," ते मला म्हणाले. "राग आला असन त्याले. येनच ना राग."

हे माझं अडलेलं काम. तुळसाबाई दिवे लागायच्या वेळी येतील. तेव्हा काय होईल, मामा त्यांना विचारतील की नाही, मला ठाऊक नाही. ते अभिमानी आहेत. कदाचित ही गोष्ट पोटातच ठेवून जयंतीपर्यंत वाट पाहतील, किंवा पाहणार नाहीत.

तुम्ही दारव्ह्याच्या वाटेने जाणार असाल तर बोरी अरबात थोडं उतरा. वस्तीत कोणीही घर दाखवील. दारातून ओरडू नका, चढा बारीक आवाज त्यांना पोचत नाही. जवळ तखतावर बसा आणि खालच्या, जाड आवाजात सांगा की पोरगा रागावला नाही, तो येतो म्हणाला.

मीच सांगितलं असतं. पण माझा एक सा तेवढा त्यांच्यापर्यंत पोचतो, आणि तोही त्यांनी बोट ठेवलं तरच. आत्ता त्यांचं बोट तिथेच आहे.